आधी लिहायचं, मग बघायचं

दत्तू, परवा हायस्कूलच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. तू असतास तर अर्ध्यातून उठून गेला असतास. हेडमास्तरांनी तुला ज्ञानाचा सूर्य म्हटलं, चित्रकलेच्या सरांनी स्वतः केलेली लांबलचक कविता वाचली, आणि फोटोला हार घालताना खिळा निसटून तुझा फोटो दोनदा खाली आला. इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मग सरपंच उठले.

"मास्तर जलमभर न्हाई न्हाई म्हनत आलं," ते म्हणाले, "पन शेवटाला त्यांनी भैरोबाचा अंगारा मागून घेतला आन् मगच डोळं मिटलं. त्यो अंगारा आपल्या गुरवबुवांनी सोताच्या हातानं लावला. बुवा हितंच बसल्यात. इचारा त्यास्नी."

कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. खाली घातलेली मान म्हणजे होकार, असं आपल्या गावात धरतात, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी ती घातली.

त्या पटांगणात तुझ्या बाजूने बोलू शकेल असा एकच माणूस होता आणि तो गप्प बसला. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. तू म्हणशील, मेलेल्या माणसाशी बोलणं हाच मुळात एक दावा झाला, वामन्या, आणि पुरावा कुठाय? पुरावा नाही. पण पंचवीस वर्षं तुझ्याशी वाद घालायची सवय आहे, ती तीन आठवड्यांत सुटत नाही. तेवढी सूट दे.

आपण दोघं एकाच वर्गात होतो. सातवीनंतर मी भैरोबाच्या गाभाऱ्यात गेलो, कारण आमच्या घरात तेच करतात. तू एस.टी.त बसून नगरला गेलास, कारण तुझ्या घरात तोवर कुणीच तसं केलं नव्हतं. शास्त्राची पदवी घेऊन गावच्या हायस्कूलात मास्तर होऊन आलास तेव्हा वर्गात पुस्तकी बोलायला लागला होतास, पण देवळाच्या ओट्यावर बसलास की लगेच आपली भाषा. पहिल्याच रविवारी मला म्हणालास, "वामन्या, तुझा देव हाय का न्हाई ते आपुन ठरवून टाकू. शाळा सुरू व्हायला आठ दिस हायेत." तुला खरंच वाटलं होतं, आठ दिवसांत उरकेल.

माझा पहिला डाव अगदी सोपा होता. मी म्हटलं, देव नाही हे तू सिद्ध कर. तू हसलास. म्हणालास, "माझ्या आडात चांदीचा हंडा हाय. न्हाई म्हनतोस? मग सिद्ध कर. उपस आड." मी म्हटलं, मी कशाला उपसू, हंडा आहे असं तू म्हणतोस. "हां!" तू मांडीवर थाप मारलीस. "जो म्हनतो हाय, त्यानं दावायचं. जो म्हनतो न्हाई, त्यानं गावभर आड उपसत हिंडायचं नसतंय." हे वाक्य तू पुढे इतक्या वेळा ऐकवलंस की नैवेद्य दाखवतानाही माझ्या डोक्यात तो हंडा यायचा. गुरवाला असला त्रास झालेला मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

पण एकदा मी तुला पकडलं होतं, ते विसरू नकोस. गेल्या वर्षी पाऊस गेला, आड कोरडे पडले, खर्ड्यापासून जामखेडपर्यंत सगळी गावं खडी फोडायला रस्त्यावर आली. तुझाही आड तळाला गेला. तू मला मुद्दाम बोलावून आत वाकून बघायला लावलंस. "बघ. हंडा न्हाई. उपसून झाला." मी म्हटलं, गाळात असेल. तू खूश झालास, म्हणालास, बघ, आता तू देवाच्या माणसासारखा बोलायला लागलास. मी म्हटलं, दत्तू, हंडा आहे असं म्हणणारा तू होतास. मी कधीच म्हणालो नव्हतो. गाळ तू उपसायचा. तू आ वासून माझ्याकडे बघत राहिलास आणि मग इतका हसलास की तुझी आई बाहेर आली. त्या वर्षात आपल्या आळीत हसण्यासारखं फार काही नव्हतं, म्हणून मला ते लक्षात आहे.

खरा वाद वहीपासून सुरू झाला. आपल्या देवळापुढच्या ओट्यावर कौलाचा गोटा आहे. भोपळ्याएवढा, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. त्यावर दोन्ही तळवे टेकवायचे, मनात प्रश्न धरायचा. गोटा उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर देवाची आज बोलायची मर्जी नाही. माझ्या आजोबांपासून आम्ही सांगत आलो की भैरोबाचा कौल कधी चुकत नाही. तू विचारलंस, "कशावरनं?" मी म्हटलं, लोक येऊन सांगतात. तू म्हणालास, "ज्यांचा चुकला ते येऊन सांगत्यात का?"

मी मनात तशी माणसं शोधायला लागलो. मला आठवेना. नवस फेडायला येणारे आठवत होते, नारळ आठवत होते, पेढे आठवत होते. कौल चुकला म्हणून परत आलेला एकही माणूस आठवत नव्हता. तोवर मला वाटायचं, चुकतच नाही म्हणून कुणी येत नाही. ज्याचा चुकतो तो देवळाची पायरी चढून गुरवाला ऐकवायला येत नसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. तुझा राग आला होता. अजूनही थोडा येतो.

दुसऱ्या दिवशी तू शंभर पानी वही घेऊन आलास. तांबड्या-निळ्या पेन्सिलीने चार रकाने आखलेले. प्रश्न, कौल, काय झालं, सह्या. नियम एकच. कौल लागला की लगेच लिहायचा, खाली दोघांनी सह्या करायच्या, आणि मग वाट बघायची. "आधी लिहायचं, मग बघायचं," तू म्हणालास. "मानूस खरं झालेलं ध्यानात ठिवतो आन् चुकलेलं इसरतो. तू पन, मी पन. वही इसरत न्हाई." सही दोघांची कशाला, असं मी विचारलं. तू म्हणालास, तुझी तुला बदलता येऊ नये म्हणून आणि माझी मला.

शेवटची चार वर्षं आपण ती वही चालवली. लोकांना सांगून, त्यांच्या मर्जीने. काहींना तर त्यात गंमत वाटायची. आणि तू सरळ खेळलास, हे मी इथे लिहून ठेवतो. पारूबाईचा मुलगा परागंदा झाला होता, कौल उजवा लागला, आणि नागपंचमीच्या आधी तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर घरी आला. तू स्वतःच्या हाताने रकान्यात लिहिलंस, "आला. कौल खरा." मी म्हटलं, आता? तू म्हणालास, "आता काय, खरा. वही भरू दे." चुकलेल्यांच्या घरी तू स्वतः जाऊन विचारून यायचास. वही भरत गेली तसं आपल्या दोघांनाही दिसायला लागलं की खरं आणि खोटं साधारण बरोबरीनेच चाललं आहे. तू ते बोलून दाखवलं नाहीस. मीही नाही.

गोट्याची परीक्षाही तूच काढलीस. प्रश्न एकाने चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी मिटायची, आणि हात ठेवणाऱ्याला प्रश्न सांगायचा नाही. गोटा हलेना. चार रविवार हलला नाही. तू म्हणालास, गोटा माणूसच फिरवतो, त्याच्या नकळत, जिकडे त्याचं मन ओढ घेतं तिकडे. मी म्हटलं, ज्याला प्रश्नच माहीत नाही त्याला देवाने उत्तर तरी कसं द्यावं? तू शांतपणे म्हणालास, "देवाला तर म्हाईत हाय ना?" मी समईत तेल संपलंय म्हणून आत गेलो. समई भरलेली होती. बाहेर येईपर्यंत तू निघून गेला होतास, आणि त्या विषयावर पुन्हा कधी मला टोकलं नाहीस. जिंकल्यावर उठून जायची तुझी रीत होती. हरणाऱ्याला ती जास्त लागते, हे तुला सांगायचं राहून गेलं.

मी मात्र सोडलं नाही. वही तुझ्या बाजूने जात होती तरी मी रोज भैरोबाला आंघोळ घालत होतो. तू एकदा विचारलंस, का? मी म्हटलं, मी त्याच्याकडे उत्तरं मागायला जात नाही, दत्तू. मी सकाळी जातो, पाणी घालतो, शेंदूर लावतो, आणि मला बरं वाटतं. तू म्हणालास, बरं वाटणं हा पुरावा न्हाई. मी म्हटलं, मी पुरावा म्हणून सांगितलंच नाही, तू विचारलंस म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत तुला गप्प केल्याचे प्रसंग मोजके, त्यातला हा एक.

आता माझ्या आईचं. तिचं जाणं आणि तुझं जाणं यांच्यात दोनच वर्षांचं अंतर पडलं. आई गेली तेव्हा मला सुतक, आणि सुतकात गुरवाला गाभाऱ्यात पाय ठेवता येत नाही. पूजेला भावकीतलं दुसरं घर, तर तेही सुतकात. देव दहा दिवस अंधारात राहणार म्हणून मला आईच्या दुःखापेक्षा तेच जास्त टोचत होतं. हे कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी ओसरीवर बसलो होतो. समोर देवळात उजेड दिसला. जाऊन पाहतो तर तू उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून, हात लांब करून आतल्या समईत वात सारत होतास. तुला ती नीट पेटवताही येत नव्हती. बोटाला चटका बसला होता.

मी म्हटलं, तू? तू म्हणालास, "देवासाठी न्हाई लावला. तुला जेवन जाईना म्हनून लावला. जा, जेव." पुढचे सात दिवस तू शाळेतून परस्पर देवळात यायचास, दिवा लावायचास, आणि घरी जायचास. नमस्कार एकदाही केला नाहीस. गावात लोक म्हणाले, मास्तर सुधारला. तू त्यांना म्हणालास, "कशावरनं? दिवा लावला हे दिसलं. का लावला ते इचारलं का कुनी?"

हे मी लिहितो आहे ते तुझं कौतुक म्हणून नाही. पुढे जे घडलं ते याच्या शेजारी ठेवून बघता यावं म्हणून लिहितो आहे.

कावीळ हा तुझा आवडता विषय. खालच्या वाडीचा तो म्हातारा कावीळ उतरवायचा. हाताला काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावायचा, पाणी पिवळं व्हायचं आणि लोक म्हणायचे, बघा, उतरली. तू सगळ्या आठवीचे हात तसेच धुवून घेतलेस. धडधाकट पोरं, आणि पाणी सगळ्यांचंच पिवळं. शेवटी हेडमास्तरांचेही धुतलेस. म्हाताऱ्याचा धंदा बसला नाही, पण तुझं नाव झालं. आणि मग दुष्काळात टँकरच्या पाण्यावर दिवस काढता काढता तुलाच कावीळ धरली. गावाने लगेच दोन अधिक दोन चार केले. काविळीची थट्टा केली, काविळीने धरलं. तुझ्यापाशी ही गोष्ट पोचली तेव्हा तू अंथरुणावर होतास. डोळे पिवळेजर्द. म्हणालास, "टँकरचं पानी प्यालेल्या किती जनांनी थट्टा केल्ती, ते वहीत लिव्ह."

नगरच्या दवाखान्यात तुला ठेवलं, आणि मग डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की आता घरी न्यायचं असेल तर न्या. शेवटचे दोन दिवस तुला शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला म्हणून सुमनवहिनी घागरी घेऊन गेल्या, तुझी आई मागच्या दारी मिलोच्या, त्या रेशनच्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी थापत होती, आणि मला तुझ्यापाशी बसवलं होतं. तू घरघरत होतास. मी हाक मारली. दोनदा, तीनदा. हंडा सापडला म्हणून सांगितलं. कधी नव्हे ते तू काही बोलला नाहीस.

कमरेला अंगाऱ्याची पुरचुंडी असते माझ्या. मी ती सोडली, चिमूट घेतली आणि तुझ्या कपाळाला लावली.

तू मागितला नव्हतास. मागण्याच्या अवस्थेत नव्हतास. एकदा धडधाकट असताना मी गमतीने बोट पुढे केलं होतं तेव्हा माझं मनगट धरून म्हणाला होतास, "ह्ये कदी करू नगंस." मला ते आठवत होतं. आठवत असताना लावला. तुला नाही म्हणता येणार नाही अशी वेळ मी गाठली, असं म्हटलं तरी चालेल. मी तेव्हा तसा विचार केला नव्हता, पण वही विचार बघत नाही, काय झालं ते बघते.

दिवेलागणीच्या आधीच तू गेलास. घरात रडारड उठली, माणसं जमली, आणि तुझ्या आईने तुझ्या कपाळाकडे पाहिलं. तिने माझा हात धरला. "वामना, ह्यो अंगारा... दत्तूनं मागितला?"

तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तुझ्या नास्तिकपणावरून आयुष्यभर ती तुझ्या नावाने गुपचूप उपास करत आली, हे तुला माहीत नसेल. मला माहीत आहे, कारण उपास सोडायचं तीर्थ ती माझ्याकडून न्यायची. मी मान हलवली. हो म्हणालो नाही, पण हलवली ती होच. ती म्हणाली, "माजं लेकरू घरी आलं," आणि तुझ्या छातीवर डोकं टेकलं.

मग ते वाऱ्यावर गेलं. दहाव्यापर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक झालं की मास्तरांनी अंगारा मागून घेतला. तुझ्या वर्गातल्या पोरांना ठाऊक झालं. रविवारी देवळाला कधी नव्हती एवढी माणसं आली, थेट कोल्हारहून एक बैलगाडी आली, आणि जो तो म्हणे, मास्तरांना लावला तोच अंगारा द्या. मी दिला. दुष्काळात लोकांना धीर हवा होता आणि तो माझ्याकडे मिळत होता. खोटं बोलून मिळाला तेवढा मान मला खरं बोलून कधी मिळाला नव्हता. आणि परवा त्याच्यावर शोकसभेत शिक्का बसला.

काल सकाळी सुमनवहिनी देवळात आल्या. उंबऱ्याबाहेर थांबल्या. हातात तुझी वही होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"भावजी, दोन दिस त्यांना सूद नव्हती. त्या सकाळी मी पानी पाजाया गेले तर व्हट हलत नव्हते. तरी मी टँकरवर गेले हुते, मागनं काय झालं मी बगितलं न्हाई. तुमी हुता. त्यांनी अंगारा मागितला असं तुमी म्हनत असाल तर मी मानते." त्यांनी वही उघडून कोरं पान काढलं. "पन हितं लिवा. आन् सही करा."

रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. चार वर्षं त्यांनी आपल्याला चहा करून देता देता हे सगळं ऐकलं होतं, आणि आपल्याला वाटायचं त्या नुसता चहा करतात. जो म्हणतो आहे, त्याने दाखवायचं. मी पेन्सिल घेतली. पहिल्या रकान्यात प्रश्न लिहिला, अंगारा मागितला का? आणि पुढे हात चालेना. नुसती मान हलवणं सोपं होतं. तुझ्या अक्षराच्या शेजारी माझ्या अक्षरात खोटं लिहिणं मला जमलं नाही, दत्तू. पंचवीस वर्षांत तू मला देव नाही हे पटवू शकला नाहीस, पण एवढं मात्र करून गेलास.

मी लिहिलं, "मागितला नव्हता. बेशुद्ध होता. मी लावला." वहिनींनी वाचलं. मान हलवली. मग म्हणाल्या, "का लावला?" मी म्हटलं, काही सुचलं नाही. तो रकाना वहीत नाही, त्यामुळे तिथे काही लिहिलं नाही. पण तुला सांगतो. तू माझ्या उंबऱ्याबाहेर बसून दिवा लावलास तो माझ्यासाठी. मी तुझ्या कपाळाला अंगारा लावला तो तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. तुझ्याशिवाय राहायचं म्हणजे काय हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं, मी घाबरलो, आणि जे हाताशी होतं ते केलं. तू पुढे कुठेतरी असावास, एवढंच मला हवं होतं. आपल्या दोघांत मानणारा मी, आणि दुसऱ्याचं मानणं जपणारा तू. याबद्दल माफी मागायची होती. मागतो.

वहिनींबरोबरच मी तुझ्या घरी गेलो. तुझी आई ओसरीवर मिलो निवडत होती. मी तिच्यापुढे बसलो आणि सांगितलं. काकी, दत्तूने मागितला नव्हता. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"मंग त्या दिशी मुंडी का हालीवलीस?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तीन हप्तं मी गावाला सांगत हिंडले," ती म्हणाली. "ज्या बायका मला नास्तिकाची आई म्हनायच्या, त्यास्नी दारात जाऊन सांगून आले." सूप बाजूला सारून ती आत निघून गेली. वहिनी मला जा म्हणून खुणावत होत्या, पण मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती पदराने तोंड पुसत बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. "त्याला कळलं असतं तर लई चिडला असता न्हवं?"

"लई," मी म्हटलं.

"आन् मला हासला असता." तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "म्हनला असता, आये, कशावरनं?" हे म्हणताना तिने तुझा आवाज असा काढला की वहिनी आत पळाल्या. मला वाटतं तिने मला माफ केलेलं नाही. तीर्थ न्यायला ती आज आली नाही.

आज रविवार. देवळापुढे रांग होती. आरती झाल्यावर मी ओट्यावर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मास्तरांनी अंगारा मागितला नव्हता, त्यांना शुद्ध नव्हती, मी आपल्या मनाने लावला, मरेपर्यंत ते मानत नव्हते तर नव्हते. सरपंच पुढेच होते. मला वाटलं, आता देऊळ रिकामं होणार.

सरपंच जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बुवा, तुमी साधं मानूस. तुमाला वाटतंय तुमी लावला. आरं, मास्तरानं मागितला नसताना तुमचा हात तिकडं गेलाच कसा? द्येवानं न्हेला." मागून कुणीतरी चांगभलं म्हटलं आणि सगळ्या रांगेने ते उचललं. लोक आधीपेक्षा भक्तिभावाने हात पुढे करायला लागले. पुरावा उलटा केला तरी तो त्याच बाजूला पडला. तू हे बघायला हवा होतास. तू ओट्यावर गडबडा लोळला असतास, आणि उद्यापासून पुन्हा घरोघर जाऊन विचारायला सुरुवात केली असतीस. मला तेवढी ताकद नाही. मी अंगारा देताना प्रत्येकाला सांगत राहिलो, मास्तरांचा नाही, भैरोबाचा. दोघांनी ऐकून घेतलं. त्यातली एक पारूबाई होती.

वही आता माझ्याकडे आहे. वहिनी म्हणाल्या, तुमच्याकडेच असू द्या. कौल लिहायचं मी चालू ठेवणार आहे, पण घरोघर जाऊन विचारणं कसं जमवायचं ते बघावं लागेल. शेवटच्या पानावर ती एक ओळ आहे. तिच्याखाली मी सही केली आहे. नियमाप्रमाणे दोन सह्या लागतात, आणि शेजारची जागा तुझी आहे.

तेव्हा ऐक. मी म्हणतो तू आहेस. कुठे आहेस ते मला दाखवता येत नाही, जबाबदारी माझी आहे हे कबूल, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून एक कोरी जागा आहे. त्या जागी तुझी सही उमटली तर मी जिंकलो. नाही उमटली तर तू. सरपंचांना किंवा दुसऱ्या कुणाला मी हे पान दाखवणार नाही. सही आपल्या दोघांतच राहील, त्यामुळे हरलास तरी गावात तुझी नाचक्की होणार नाही.

आज पहाटे देवाला पाणी घालायच्या आधी मी वही उघडून बघितली. जागा कोरी आहे. उद्या पुन्हा बघीन. एवढा एक वाद, दत्तू, तू हरावास.